अकरा मात्रांची बुलेरिया

बारा

आमच्याकडे मोजणी बारापासून सुरू होते. बारा, एक, दोन, तीन, आणि असं करत अकरापर्यंत जाऊन पुन्हा बारा. सम बारावर. वजन बारावर, तीनवर, सहावर, आठवर, दहावर. बाकीच्या मात्रा नुसत्या चालत राहतात. या चालीला बुलेरिया म्हणतात. हेरेसच्या सांतियागो आळीत मूल ती दात येण्याआधी शिकतं, आणि जो मोठेपणी ती चुकतो तो ‘आडवा गेला’ असं आम्ही म्हणतो. दारुडा घरी परत आला की त्याला आम्ही खुर्ची देतो. बायकोला टाकून गेलेला परत आला तरी देतो, जरा उशिरा. आडवा गेलेल्याला कुणी काही म्हणत नाही, फक्त पुढच्या वेळी गाण्यासाठी त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माझी आत्या लेओकादिया आडवी गेली, असं जूनमधल्या एका शनिवारी सगळ्या अंदालुसियाला कळलं.

हे मी आत्यासाठी लिहीत नाहीये. तिला गरज नाही. इसाकसाठी लिहितेय, म्हणजे त्याला ते पुन्हा एकदा ऐकावं लागेल.

एक

(त्या शनिवारच्या व्हिडिओच्या खाली, सगळ्यात वर, कुणीतरी: आजीबाईंना घरी न्या.)

दोन

(त्याच्या खाली, हसणाऱ्या तोंडांच्या रांगा.)

तीन

इसाक आमच्याच आळीतला. वडील लवकर गेले, आई हॉटेलातल्या खोल्या झाडायला जायची, म्हणून तो आणि त्याची धाकटी बहीण नोएमी आत्याच्या स्वयंपाकघरात वाढले, आणि तिला आत्याच म्हणतात. आत्या टेबलावर बोटांच्या पेरांनी ठेका धरायची आणि त्याला भरवायची. बारावर तोंड उघडलं नाही तर चमचा परत भांड्यात. मी साराय, तिच्या भावाची मुलगी, समोर बसून माझ्या चमच्याची वाट बघायची. बुलेरिया त्याच्या पोटात गेली ती अशी, चण्यांच्या रश्श्याबरोबर.

आता तो चौतिशीचा आहे आणि त्याचे फोटो बसथांब्यांवर असतात. त्याच्या गाण्यात खाली मोरोक्कन सणांमधला जाड बास असतो, वर सिंथेसायझर, आणि त्याचा आवाज यंत्रातून काढून तीन पट्ट्यांत पसरलेला. गिटारचा क्लब चालवणारे म्हातारे ते ऐकून तोंड वाकडं करतात. आत्याने नाही केलं. पहिल्यांदा ऐकून म्हणाली, “वॉशिंग मशीनमध्ये बसून कुणीतरी गातंय रे. पण गातंय बरं.” तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच. तो महिनाभर ते सगळ्यांना सांगत होता.

मग त्याने तिला कादिसला बोलावलं. समुद्राकाठचा किल्ला, चार हजार माणसं, आणि तिची एक बुलेरिया, त्याच्या यंत्राच्या साथीवर. ती आयुष्यभर बाजाराच्या दारात गोगलगायी आणि रानातली शतावरी विकत आली होती. गायली होती ती लग्नांत, बारशांत आणि कुणाकुणाच्या अंगणात. तिने हिरवा झगा शिवून घेतला.

यंत्राची साथ म्हणजे काय, तर टाळ्या आणि ढोल यांचं एकच आवर्तन, लॅपटॉपवर कापून जोडलेलं, न थांबता फिरणारं. आत्याची पहिली ओळ नेमकी बसली. दुसऱ्या ओळीला तिची सम एका जागी आणि यंत्राची दुसऱ्या. ती थांबली, ऐकलं, पुन्हा उचललं. पुन्हा सुटलं. व्हिडिओत तिचे हात दिसतात, छातीपाशी, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसे.

इसाक तिच्याजवळ गेला. खांद्यावर हात ठेवला. माइकमध्ये, अगदी प्रेमाने, म्हणाला, “आत्याला जरा वेळ द्या. वय झालंय हो. पण आमची लाडकी आहे.”

लोक हसले, टाळ्या दिल्या. उरलेलं गाणं ती सुटलेल्या बसमागे पळावं तशी गायली.

चार

हिरवा झगा तिने शेजारणीच्या मुलीला दिला. कापून उशीचे अभ्रे कर म्हणाली.

पाच

गाणं थांबलं, ते समजू शकते. पण ती गोगलगायी धुताना घमेल्यावर ठोके द्यायची, तेही थांबलं.

सहा

त्या वेळी मी सेव्हियाला होते, नर्तकांच्या वर्गात टाळ्या द्यायची नोकरी करत होते. टाळ्या देणं हा आमच्याकडे धंदा आहे. दोघं लागतात, एक समेला धरून, दुसरा मधल्या फटींमध्ये. मी फटींमधली. मी तो व्हिडिओ पाहिला आणि बंद केला. मग पाहिला. मग एक दिवस कॉफी निवत असताना मी आत्याकडे न बघता नुसतं यंत्र मोजलं.

अकरा.

पुन्हा मोजलं. यंत्र अकरावर वळत होतं. आवर्तन कापताना इसाकचा हात एका मात्रेने आत गेला होता. आत्या बाराची बारा गात होती आणि दर फेरीला यंत्र एकेक मात्रा तिच्या पायाखालून काढून घेत होतं. दहा दिवसांनी त्याचं तेच गाणं बाजारात आलं, आत्याच्या आवाजाशिवाय, तोच ढोल, त्याच टाळ्या. त्यात मात्रा बारा होत्या. म्हणजे कुणीतरी बसून मोजलं होतं आणि जोडलं होतं.

मी हेरेसला परत आले आणि आत्याला सांगितलं. ती काटेरी भाजी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “यंत्र चुकत नाही, पोरी. माणूस चुकतो. तुझं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून तुला अकरा ऐकू येतात.”

मी आळीत सांगितलं. भाचीच ती, दुसरं काय म्हणणार, असं लोकांच्या तोंडावर दिसत होतं. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने तर माझ्या पाठीवर हात फिरवला.

तेव्हा ठरवलं. आधी वाटलं होतं की त्याच्या तोंडावर थुंकून यावं. पण थुंकी पुसता येते.

त्याच्या ताफ्यातल्या टाळीवालीला दिवस गेले होते. मी इसाकला फोन केला आणि मला घे म्हणाले. तो ये म्हणाला. मग त्याने विचारलं, आत्या रागावलीय का माझ्यावर? मी म्हणाले, आत्या कधी कुणावर रागावते का? त्याला हायसं वाटलं, ते मला फोनमधून ऐकू आलं.

सहा महिने मी त्याच्यासाठी टाळ्या दिल्या. मालागा, मुर्सिया, लिस्बन, पुन्हा मालागा. टाळ्या चोख दिल्या. त्या मी कधी बिघडवल्या नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते. लॅपटॉप माझ्या खुर्चीशेजारी असायचा आणि गाणी बदलायची कळ मीच दाबायची, म्हणून मी ते यंत्र शिकले. कुठून कापायचं, कसं जोडायचं, जोड कानाला लागू नये म्हणून काय करायचं. इसाकनेच शिकवलं. चांगला शिकवतो. शिकवताना टेबलावर पेरांनी ठोके देतो.

एकदा गाडीत मी मागे डोळे मिटून पडले होते आणि तो पुढे बासवाल्याला कादिसची गोष्ट सांगत होता. एक मात्राच खाल्ली होती मी कापताना, म्हणत होता, दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा काय करणार, चार हजार माणसं, यंत्र बंद केलं असतं तर सगळा खेळच संपला असता. “नशीब, कुणाच्या लक्षात आलं नाही,” तो म्हणाला, आणि बासवाला हसला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर तिथेच काहीतरी झालं असतं, आणि मला ते तिथे नको होतं. मला ते हेरेसमध्ये हवं होतं.

सात

एक मात्रा काढायला कात्री लागत नाही. बोटाने ओढायचं, सोडायचं. दात पडल्याइतकाही आवाज होत नाही.

आठ

फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारचा कार्यक्रम, वाइनच्या जुन्या कोठारात. दोन्ही बाजूंनी पिंपांच्या रांगा, मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर आमची आळी. कादिसला चार हजार माणसं होती. इथे चारशे असतील, पण चारशेंपैकी प्रत्येकाला मोजता येत होतं. आत्याला मी हात धरून आणली होती. ती तिसऱ्या रांगेत कोट न काढता बसली, दवाखान्यात बसल्यासारखी.

चौथं गाणं बुलेरियाचं. मी कळ दाबली.

पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीला इसाकची डावी पापणी हलली. त्याने ओळखलं. त्याला कळणारच, त्याच्या पोटातच ती आहे. त्या क्षणी तो हात वर करून थांबू शकत होता. यंत्र चुकलंय, असं म्हणू शकत होता. चार शब्द, आणि मी त्याला कदाचित सोडलं असतं. नसतंही सोडलं.

तो यंत्राबरोबर गेला. कानात तेच वाजत होतं, आणि सवयही तीच. पण समोर सांतियागो आळी टाळ्या देत होती, बाराच्या, आणि दर फेरीला आळी एकीकडे आणि मंच दुसरीकडे सरकत चालला. मागून कुणीतरी विचारलं की हे काय चाललंय. इसाकने हसून गाणं सोडलं, यंत्र चालू ठेवलं, आणि माझ्याकडे बोट केलं.

“सारायचे हात अजून झोपलेत वाटतं,” माइकमध्ये म्हणाला. “जरा वेळ द्या पोरीला.”

मी हात मांडीवर ठेवले. शेजारी दुसरा टाळीवाला होता, साकारियास. त्याला काही माहीत नव्हतं, पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोही थांबला. गिटार आधीच थांबली होती. बास थांबला. कोठारात आता फक्त यंत्र वाजत होतं, उघडंनागडं.

आणि मग लाकडावर ठक. तिसऱ्या रांगेत आत्याने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पेरं टेकली होती. ठक, बारावर. यंत्र आणि ती एकत्र निघाले. फेरी संपली तेव्हा यंत्र तिच्याआधी समेच्या दारात जाऊन उभं. ती थांबली नाही. पुढच्या फेरीला यंत्र आणखी पुढे. जून महिन्यापासून पहिल्यांदाच मी तिचं तोंड उघडं पाहिलं, गाण्यासाठी नाही, तसंच.

क्लबातला तो म्हातारा, माझ्या पाठीवर हात फिरवणारा, तिच्या मागेच बसला होता. त्याने ओठ हलवत मोजलं आणि मोठ्याने म्हणाला, “अहो, एक खाल्लीय की यानं.”

लोक हसले. या वेळी ते यंत्राला हसले. इसाकने लॅपटॉप बंद केला, बिघाड झाला असं म्हणाला, आणि पुढचं सगळं नुसत्या गिटारवर गायला. छान गायला. लोकांनी माफ करून टाकलं. आजचा बिघाड, एवढंच; कादिस कुणाच्या मनात आलं नाही.

एका माणसाच्या आलं. घरी जाताना आत्या पुलाच्या अलीकडे थांबली.

“कादिसलाही?”

“कादिसलाही.”

“त्याला ठाऊक होतं?”

गाडीत ऐकलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. शेवटच्या ‘नशीब, कुणाच्या लक्षात आलं नाही’पर्यंत.

आत्याने कोटाची बटणं काढली, जणू एकदम उकडायला लागलं होतं. “बरं,” म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला मिठी मारेल. ती चालायला लागली, आणि मी मागे होते, मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, सम कुठे आहे ते लहान मुलालाही सांगता आलं असतं असा.

नऊ

कोठारातून निघण्याआधी, गाड्या लावायच्या जागेत इसाक मला म्हणाला, तू केलंस. मी म्हणाले, “मी कशी करेन? यंत्र चुकत नाही.” त्याने माझी पिशवी गाडीतून काढून जमिनीवर ठेवली. फेकली नाही. तेवढा सभ्य तो आहेच.

दहा

मे महिन्यात नोएमीचं लग्न ठरलं. इसाक आईला घेऊन आत्याकडे आमंत्रणाला आला, बदामाचा केक घेऊन. कादिसचं नाव त्याने काढलं नाही, कोठाराचंही नाही. आत्याने केक कापला, त्याच्या आईला मोठा तुकडा दिला, आणि येईन म्हणाली. “नोएमीसाठी येईन.” मला तिचा राग आला. एवढं सगळं करून शेवटी केक.

आमच्या लग्नांत एक गाणं असतं. ते फक्त लग्नातच म्हणायचं; एरवी म्हटलं तर घरावर संकट येतं असं मानतात, म्हणून ते रेकॉर्डवर नसतं आणि मंचावर नसतं. इसाकने अजून त्याला हात लावला नाही, तेवढी भीती त्याला आहे. नवरीला घरातला पुरुष खांद्यावर घेतो, बायका तिच्यावर साखरेचे बदाम उधळतात, आणि गाणं सुरू होतं. सुरुवात आळीतली सगळ्यात मोठी गाणारी बाई करते. तिच्याआधी कुणी तोंड उघडत नाही. गाणं सुरू झाल्याशिवाय नवरीला खाली ठेवत नाहीत. तशी, गाण्याशिवाय खाली आलेली नवरी म्हणजे काय, ते कुणाला विचारायचं धाडस होणार नाही.

गावाबाहेरचा मोठा हॉल, दुपारचे चार, कोळंबी संपलेली, पाचशे माणसं. वडील नाहीत म्हणून इसाकने नोएमीला खांद्यावर घेतलं. त्याच्या अंगात रेशमी शर्ट होता. नाच सुरू झाला की पुरुष अंगातले शर्ट फाडतात, आनंदाने, आणि त्याने फाडायला मुद्दाम महागातला आणला असणार. नोएमी काही हलकी नाही. डोक्यावर फुलं, हातात फुलं, झग्याचा घोळ इसाकच्या तोंडावर.

बदाम उडाले. बायका आत्याकडे वळल्या.

आत्या बसून होती. मांडीवर पडलेला एक बदाम तिने उचलला आणि तोंडात टाकला.

वाट बघितली सगळ्यांनी. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिने मानेने नको म्हटलं. इसाकने नोएमीला जरा सावरून घेतलं. त्याच्या आईने पलीकडून हात जोडले. आत्या बदामावरची साखर चघळत होती, सावकाश, तिला दात कमी आहेत.

तेव्हा मला समजलं ती कशासाठी आली होती.

“आत्या,” इसाक म्हणाला. झग्याच्या आतून आवाज येत होता. “आत्या, गा ना.”

“कशी गाऊ, बाळा? मी आडवी जाते. सगळ्यांनी पाहिलंय. पोरीच्या लग्नात चुकलं तर?”

मग इसाक काहीतरी पुटपुटला. आत्याने कानामागे हात धरला.

“मोठ्याने सांग. वय झालंय.”

त्याचे पाय थरथरायला लागले होते. मी अगदी जवळ होते, मला गुडघे दिसत होते. वर नोएमी रडत होती, डोळ्यांचा काळा रंग हनुवटीपर्यंत आलेला, आणि तिला कशाचाच पत्ता नव्हता. तिने कुणाचं काय केलं होतं? माझ्या मनात आलं, पुरे, आता गा. मी ते म्हणाले नाही. मला त्याचे गुडघे बघायचे होते.

“यंत्रात एक कमी होती,” इसाक म्हणाला. मग ओरडला, पाचशे माणसांपुढे, बहिणीचं वजन खांद्यावर घेऊन. “कादिसला! यंत्रात एक मात्रा कमी होती! आत्या बरोबर होती. मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी काटा खाली ठेवला. त्याच्या आईने तोंड झाकलं. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

आत्याने बदाम गिळला. उठली, नोएमीजवळ गेली, टाचा उंचावून तिच्या झग्याची किनार नीट केली, आणि गायला लागली.

ती कशी गायली ते मी लिहिणार नाही. ते गाणं इथे येणार नाही.

नोएमीला खाली उतरवलं, बायकांनी घेरलं, पुरुषांनी शर्ट फाडले. इसाकनेही फाडला, फाडायलाच लागतो. मग तो उघड्या छातीने गोलात उभा राहिला आणि आत्यासाठी टाळ्या देऊ लागला, कारण त्याही द्याव्याच लागतात, आणि सगळा हॉल त्याच्या हातांकडे बघत होता. मीही. मी एकेक मात्रा मोजत होते. एक चुकू दे, एवढंच म्हणत होते. इतक्या माणसांत, इतक्या लाजेत, एक तरी चुकेल.

तो एकही चुकला नाही. शेवटपर्यंत, एकही नाही.